लागली की लावली

१९ जानेवारी १९७८, गुरुवार. सकाळपासून तुझ्या बालवाडीचे डबे घासायला काढले आहेत. खडूंचा डबा, चिंचोक्यांचा, मण्यांचा, चिंध्यांचा, आणि दूध पावडरीचे ते मोठे रिकामे डबे, ज्यात तू काय काय भरून ठेवलं आहेस ते तुलाच ठाऊक. तुझ्या मालकांनी परवा चावी आणून दिली. "दुसरी बाई येईपर्यंत तुमीच पाहा, कंचनबाई. मले त्या खोलीत पाय टाकवत नाही," म्हणाले. मला टाकवतो, म्हणून घेतली. आणि माझ्याकडे काही पाहायला दिलं की मी आधी ते घासते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "झालं! कंचनबाई आल्या. आता धूळबी पदर सावरून बसंन."

एक गोष्ट मात्र जपली. डब्यांवर तू चिकटवलेल्या चिठ्ठ्यांना पाणी लागू दिलं नाही. चिठ्ठीभोवती कोरड्या राखेनं घासलं, बाकीचा डबा ओल्या हातानं. त्याला दुप्पट वेळ लागतो. का ते तुला सांगायचं राहिलं आहे. तुझा ताप तिसऱ्या दिवशी डोक्यात गेला आणि माझं बोलणं तसंच राहिलं. आज ते लिहून काढते. रडणं मला जमत नाही, हे तू जाणतेस. डबे झाले की लिहायचं, असं ठरवलं होतं. डबे झाले.

सात वर्षांमागचा तो हिवाळा आठव, गुंफे. केनवड आणि रिठद ही दोन्ही गावं ग्रामसेविका म्हणून माझ्याकडे होती आणि तुला इथं केनवडच्या बालवाडीवर येऊन वर्ष झालं होतं. महिला मंडळासाठी बाळाच्या आहारावरचा सिनेमा पाठवा, असा मी अर्ज केला होता. जिल्ह्याहून गाडी आली, यंत्र आलं, सिनेमाचे दोन चपटे गोल डबे आले, आणि यंत्रवाल्यानं सांगितलं, "तो सिनेमा दुसरीकडं गेला बाई. हा लहान पोरांचा आहे. परदेशातला. चित्रांचा." शाळेची खोली बंद होती, म्हणून तो सगळं सामान माझ्या घरी ठेवून रिठदला बहिणीकडे मुक्कामाला गेला.

डबे इतके मळकट होते की घरात ठेववेनात. वर तेलाचे डाग, त्यावर धूळ. कोणीतरी त्यावर भजी ठेवून खाल्ली असावीत. मी ते राखेनं खसाखसा घासले. लख्ख झाले. मग पाहते तर दोन्ही चिठ्ठ्या परातीत तरंगत होत्या. एकीवर एक उभी रेघ, दुसरीवर दोन. म्हणजे पहिला डबा आणि दुसरा डबा. कोणती कोणाची ते काही केल्या आठवेना. कणकेची खळ केली, आणि अंदाजानं एक इकडे, एक तिकडे चिकटवली. दोनच तर होत्या. चुकलंच पाहिजे असं काही नव्हतं.

तेवढ्यात तू आलीस. खिडक्यांना लावायला पोती किती लागतील ते विचारायला. डब्याला हात लावून म्हणालीस, "हे ओलं काहून आहे?"

"पुसलं," मी म्हटलं.

तू बोट लुगड्याला पुसलंस आणि पोत्यांचं बोलायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या खोलीत सिनेमा झाला. दुपारी ठेवला, कारण दिवस मावळला की बाया चुलीला लागतात; मी मात्र जैनाघरची, उजेडातच जेवून मोकळी झालेली असते. खिडक्यांना पोती, दाराला घोंगडी. यंत्रवाल्यानं एका रेघेचा डबा आधी लावला आणि बाहेर गाडीपाशी विडी ओढत बसला. सिनेमात बोलणं नव्हतंच. एक तार वाजत होती, तुणतुण्यासारखी, मध्येच थांबत होती. पांढऱ्या भिंतीवर काळ्या रेघांची एक उंच बाई उभी. तिला तोंड नाही. पोटात खिडकी, खिडकी बंद, आणि आत पिवळ्या उजेडात काहीतरी वळसे घालून पडलेलं.

"साप हाये व माय!" पुढची एकजण किंचाळली.

"साप नाई. दिवस गेले तिले," मागून एक म्हातारी ठामपणे म्हणाली. मग सगळ्यांना पटलं. कारण त्या पडलेल्या वस्तूला पान फुटलं, फांदी फुटली, पोटात झाड वाढायला लागलं. बाई अवघडून गेली. कशातच तिचं मन लागेना. शेवटी फांद्यांनी खिडकी ढकलली, तावदान फुटलं आणि झाड बाहेर आलं. बायांनी सुटकेचा श्वास टाकला. बाळंतीण सुखरूप. मग लांबून एक ठिपका आला. जवळ आल्यावर जनावर झाला. ना बकरी, ना मुंगूस. शेपूट नाही. झाड हुंगलं आणि बाईकडे पाठ करून सावलीत बसलं.

यंत्रवाला आत येऊन दुसरा डबा लावून गेला, आणि मग सिनेमाचं नाव आलं. परक्या अक्षरांत, मोठं थोरलं.

"आता कायले नाव आलं?" तू माझ्या कानाशी विचारलंस. "अर्धा सिनेमा झाला ना?"

परातीत तरंगणाऱ्या चिठ्ठ्या मला आठवल्या. पण मी मंडळाची बाई. पन्नास बायांच्या देखत काय सांगणार? म्हटलं, "परदेशी लोक नाव मधातच टाकतात."

तू माझ्याकडे पाहिलंस. अंधार होता, तरी पाहिलंस ते मला कळलं.

दुसऱ्या डब्यात त्याच जनावराला हे एवढं लांब शेपूट. "सावलीत बसून शेपूट फुटलं पाहा त्याले," म्हातारीनं जुळवून घेतलं. ते रोज एक पाऊल बाईच्या जवळ यायचं. एके दिवशी दोन पावलं यायचं आणि घाबरून तीन मागे जायचं. बाया हसत होत्या, "ये बापा, ये, खात नाई ते तुले." शेवटी खिडकी उघडली, ते आत गेलं, शेपटाचा विळखा करून त्या पिवळ्या उजेडात झोपलं. सकाळी पाणी प्यायला बाहेर पडलं, आणि मागे खिडकी मिटली. शेपूट आतच राहिलं. तार थांबली. जनावरानं एकदा वळून पाहिलं आणि ते चालत गेलं, ठिपका होईपर्यंत.

सिनेमा संपला. कोणी उठेना.

"दगा देल्ला बाईनं," म्हातारी म्हणाली.

"दगा कायचा? वाऱ्यानं लागली खिडकी."

"वारा कुठं होता? तिनंच लावली."

"लागली!"

"लावली!"

अर्धा तास तेच. बाळाच्या आहारावर मी तयार केलेलं भाषण कोणी ऐकलं नाही. गुंफे, आपल्या भाषेत एका अक्षराच्या फरकानं माणूस सुटतो नाहीतर अडकतो, हे माझ्या त्या दिवशी ध्यानात आलं. मी म्हटलं, "लावली. खिडकी काय आपोआप मिटते?" आणि तू, जी सभेत कधी तोंड उघडत नसायचीस, उभी राहून म्हणालीस, "लागली का लावली ते नाई समजत. पण ते पुन्हा येईन."

"कायले येईन? शेपूट तुटलं त्याचं."

"म्हूनच येईन. शेपूट तिच्यापाशी हाये ना."

तिथून आपलं जे सुरू झालं ते कधी संपलंच नाही. रिठदच्या वाटेवर तेच, मंगरूळपीरच्या बसमध्ये तेच. बाकीच्या बाया पंधरा दिवसांत विसरल्या. आपण दोघी मात्र अशा भांडायचो की ते जनावर कोणाच्यातरी गोठ्यातलं असावं. मला सिनेमाचं वेड नाही. देवादिकांचे दोन-तीन पाहिले तेवढेच. पण हा डोक्यातून गेला नाही. त्यात रंग एकच होता, तो पिवळा, आणि तोही फक्त आत. बाहेर सगळं पांढरं. जनावर आत का जातं, हे सांगायला दुसरं काही लागत नाही. मी तुला म्हणायचे, चित्र काढणाऱ्यानं अंग चोरलं. बाईला तोंड काढलं असतं तर तिच्या मनात काय होतं ते समजलं असतं. तू म्हणालीस, "तोंड पाहून तरी कुठं समजते, कंचनबाई?" मी तुला म्हटलं, चाल लवकर, बस जाईल.

तू मला शेवटपर्यंत 'तुमी' म्हणालीस. मी हजारदा सांगितलं, 'तू' म्हण, मी काय साहेब आहे? "तोंडाले येत नाई," म्हणायचीस. एकदाच आलं होतं.

ते दुष्काळाचं वर्ष. बालवाडीत दूध यायचं. मुलांनी ते तिथंच बसून प्यायचं, घरी न्यायचं नाही, असा नियम. जी मुलं तापानं घरी पडलेली, त्यांचं दूध तू त्यांच्या बहिणींच्या हातानं लोट्यातून पाठवायचीस. तू हे मला रिठदच्या वाटेवर सांगितलंस, कुणाला सांगू नका असंही म्हणाली नाहीस. म्हणायची गरज तुला वाटली नाही. आठ दिवसांनी तपासणीला साहेब आले. मला वाटलं, सरळ सांगून परवानगी मागावी, म्हणजे चोरून करायला नको. मी सरळ सांगितलं. त्यांनी पुढील हुकूम होईपर्यंत दूधच बंद केलं. आजारी मुलांचंही आणि बरी असलेल्यांचंही.

संध्याकाळी तू माझ्या दारात आलीस. आत आली नाहीस. म्हणालीस, "कंचनबाई, तुनं सांगतलं, का तुह्या तोंडातून निंघून गेलं?"

आज कळतं की तू मला वाट काढून देत होतीस. 'निघून गेलं' म्हटलं असतं तर तू आत येऊन बसली असतीस. पण मला खोटं बोलता येत नाही, असा माझा समज होता. मी म्हटलं, "सांगितलं. चांगल्यासाठी सांगितलं." तू मान हलवलीस आणि गेलीस. खोटं मला येत होतं, गुंफे. सिनेमाचं नाव मधातच टाकतात, हे मी किती सहज बोलले होते. तेव्हा जिथं खोटं बोलायला नको होतं तिथं बोलले, आणि जिथं चार शब्द मऊ लावले असते तर चाललं असतं तिथं खरेपणा दाखवला.

दूध बावीस दिवसांनी पुन्हा सुरू झालं. मी चार वेळा रिसोडच्या कचेरीत खेटे घातले, ते मी तुला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. बिघडवलं ते मीच निस्तरलं. तू मात्र दोन महिने माझ्या घराकडे फिरकली नाहीस. वाटेत भेटलीस तर "राम राम" नाही, "जय भीम" नाही, नुसता पदर सारखा करायचीस. मी मनात म्हणायचे, बघ, मी म्हणत नव्हते? शेपूट तुटलेलं जनावर परत येत नसतं. वाद मी जिंकले होते. जिंकून घरात एकटीच बसले होते.

मग एका दुपारी मी ओट्यावर तुरी पाखडत होते. तू आलीस. नमस्कार नाही, काही नाही. ओट्याच्या कडेला माझ्याकडे पाठ करून बसलीस. मी सूप खाली ठेवलं, ते तू ओढून घेतलंस आणि खडे वेचायला लागलीस. बराच वेळ नुसती बोटांची चाळवाचाळव. मग म्हणालीस, "कचरा लई हाये."

"हो," मी म्हटलं, "यंदा तूर अशीच आहे."

तेवढंच. चहा झाला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रिठदची वाट आणि पुन्हा ते जनावर.

आता राहिलेली गोष्ट. दोन-अडीच वर्षांपूर्वी मी अकोल्याला शिबिराला गेले होते. एका दुपारी पडदा लावला आणि तोच सिनेमा सुरू झाला. नाव आधी आलं. पहिल्यांदा शेपटाचं जनावर आलं, एकेक पाऊल, खिडकी, पिवळा उजेड, मग ते तुटणं आणि ठिपका होणं.  पण सिनेमा संपला नाही. यंत्रवाल्यानं दुसरा डबा लावला. आणि बाईच्या पोटात ते शेपूट पडलेलं दिसलं. साप नव्हता, गर्भ नव्हता, शेपूट होतं. त्याला पान फुटलं. आपण रोपाला म्हणतो ना 'लागलं', तसं ते शेपूट लागलं. झाड झालं. बाईच्या अंगात मावेना, तिची खिडकी फोडून बाहेर आलं. ठिपका जवळ आला. जनावरानं झाड हुंगलं. ते आपलंच आहे हे त्याला कळलं की नाही, सिनेमा सांगत नाही. ते बाईकडे पाठ करून सावलीत बसलं, आणि संपलं.

मला ओटा दिसला, सूप दिसलं, तुझी पाठ दिसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "डोळ्यात गेलं काहीतरी." हे तिसरं खोटं.

तुझं बरोबर होतं. ते परत येतं. साडेचार वर्षं तू मला तेच सांगत होतीस आणि मी तुला वेड्यात काढत होते. सगळ्या केनवडच्या बाया, ती म्हातारीसुद्धा, बाईनं दगा दिला आणि जनावर गेलं, एवढंच घेऊन घरी गेल्या, ते माझ्या खळीमुळं. बसमध्ये ठरवलं, उतरल्याबरोबर तुला सांगायचं. तू थांब्यावर उभीच होतीस, डोक्यावर शेंगांचं गाठोडं.

"काय शिकोलं मंग अकोल्याले?"

"शेवग्याच्या पाल्याची भाजी," मी म्हटलं.

"ते त आमाले आईनं शिकोलं," म्हणालीस आणि चालायला लागलीस.

का सांगितलं नाही? तू जिंकलीस हे सांगायचं तर आधी चिठ्ठ्या सांगाव्या लागल्या असत्या. चिठ्ठ्या सांगायच्या तर त्या दिवशी कानाशी बोललेलं खोटं सांगावं लागलं असतं. दुधाच्या वेळी खरेपणाचा एवढा तोरा मिरवल्यावर ते जमेना. मग आज सांगू, उद्या सांगू. तू अधूनमधून विचारायचीस, "मंग, अजूनबी येत नाई म्हनता का ते जनावर?" मी म्हणायचे, "नाहीच येत." आणि तू हसायचीस. अशी हसायचीस की जसं काही तुला माझी कीव येते आहे.

तर ऐक. ते येतं. मी पाहिलं आहे. सिनेमा उलटा झाला होता आणि तो मी उलटा केला होता. केवळ डब्यांवरची धूळ पाहवेना म्हणून. हे सांगायला तू समोर असायला हवी होतीस. नाहीस, तरी सांगितलं. सांगितल्यावर बरं वाटतं आहे, असं खोटं म्हणणार नाही. पण पुष्कळसं मोकळं वाटतं आहे. आणि एक सांगते. गेल्या सात वर्षांत माझ्याशी इतकं कोणी भांडलं नाही, आणि इतक्या आनंदात माझा वेळ दुसऱ्या कोणाबरोबर गेला नाही. ज्या नोकरीत दिवसभर लोकांना काय खावं आणि कसं राहावं ते सांगायचं, त्या नोकरीत कोणीतरी 'तुमचं चुकलं' म्हणणारं असणं ही चैन होती. ती मी पोटभर केली.

डबे उन्हात वाळले. चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत. मण्यांच्या डब्यात मणी, खडूंच्या डब्यात खडू. मी स्वतः उघडून पाहिलं.

शुक्रवार.

आज सकाळी आठला बालवाडी उघडली. कडी काढायच्या आतच पंधरा-सोळा मुलं दाराशी जमली होती. झाडलोट केली, प्रार्थना झाली, नाकं पुसून झाली. मग पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पुढं बसलेली, कपाळाला मोठं गोंदण असलेली मुलगी म्हणाली, "शेपटीची गोष्ट सांगा."

"कोणती शेपटीची?"

"गुंफाबाई रोज सांगत जाय थे."

मी सुरू केली. आपण केनवडात पाहिली तशीच, सवयीनं. एक बाई होती, तिच्या पोटात खिडकी होती, आत झाड उगवलं.

"नाई वो बाई!" दोन-चार जणं एकदम ओरडली. "झाड मंग येते! आंदी शेपूट!"

"झाड शेवटी येते आन् ते वापस येते," ती मुलगी मला समजावून सांगायला लागली, मी तिच्यापेक्षा लहान असल्यासारखी. "इथं आंदी दाखोला होता ना सिनेमा, थो उलटा होता. चिठ्ठ्या ओल्या होत्या ना डब्ब्याच्या, म्हून."

 मी तिला विचारलं, "गुंफाबाई काय म्हणायच्या? सिनेमा उलटा लावला म्हणायच्या, की उलटा लागला?"

तिनं विचार केला. बाकीच्यांनीही केला.

"लागला," ती म्हणाली. "उलटा लागला."

मी सगळ्यांना गोल करून बसवलं आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली. झाड शेवटी आणलं.